बस म्हटलेलं न ऐकणारी गाठ

धुळ्याजवळच्या कापडणे गावात पंगत बसली की वाढायला उखर्डू आबा हजर! वरण-बट्टीवर तुपाची धार धरली की समोरचा 'बस, बस' करत पानावर आडवा झाला तरी हा गडी थांबायचा नाही. "खाय रे, लाजू नको!" लोक त्याला शिव्या घालत आणि बोटं चाटत.

शहाण्णव साली याच माणसाचं अन्नावरचं मन उडालं. शौचातून रक्त जायचं. मूळव्याध म्हणून वर्ष काढलं, मग धुळ्याला दुर्बिणीनं तपासलं तर मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. ऑपरेशनचं नाव निघालं आणि गावात जो तो वैद्य झाला. लोखंड लागलं की गाठ पसरते, म्हणे! आबालाही ते पटलं. त्यानं वर आपली अक्कल लावली, "मी उपाशी राह्यनू का गाठ बी उपाशी मरी." दिवसभर नुसतं कपभर दूध. धोतर कमरेला टिकेना, गाठ मात्र मजेत! शेवटी भागाबाईनं नवऱ्याला ओढतच पुन्हा धुळ्याला आणलं.

"गाठ चाकूनं नाही पसरत आबा, उशिरानं पसरते," डॉक्टर म्हणाले. "शरीर पेशींना निरोप धाडतं, बस, आता वाढू नका. चांगली पेशी ऐकते. पण निरोप ऐकणारा कान पेशीच्या दारावर असतो, आणि काही गाठींत तोच मोडलेला असतो, असं आता शास्त्रज्ञांना कळलंय. मग ती कुणाचं ऐकणार? उपाशी राहून तुम्हीच वाळाल."

आबा असा हसला की नर्स धावत आली.

"आरे देवा! हाई तं मनीच जातनी निंघनी! मी तरी पंगतमा कोनं 'बस' आयकस का? तिले हात जोडीसन काय व्हई? उचली फेका!"

ऑपरेशन झालं. गाठीसकट आतड्याचा तुकडा काढला, टोकं जोडली. पोटातला वारा सरेपर्यंत जेवण बंद. तो सरला तेव्हा अख्ख्या वॉर्डानं टाळ्या पिटल्या, खोटं नाही सांगत!

मग तपासणीचा रिपोर्ट आला. कापलेल्या कडा साफ, आजूबाजूच्या ग्रंथीही साफ. "सगळी निघाली," डॉक्टर म्हणाले.

भागाबाई दारातच उभी होती. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही मान खाली घालून. आज डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला भान नव्हतं. ती वॉर्डभर ओरडत सुटली, "उखर्डू वाची गया! आयकं का, मना उखर्डू वाची गया!"