दुसरी केबल नव्हतीच

स्क्रीनवरच्या दोन्ही लिंक एकाच सेकंदाला लाल झाल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते. दोन वेगळ्या केबली, आणि दोन्ही एकाच सेकंदाला बंद? मला तिथंच शंका आली. तेवढ्यात फोन वाजला.

"ओ मॅडम, स्कॅन यायचे थांबल्यात की! पेशंट आत झोपवलाय तिकडं!"

फोन डॉक्टर मगदूमांचा होता. ते रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, सीटी स्कॅन बघून निदान सांगणारे डॉक्टर. ओमानमधल्या एका लहान हॉस्पिटलात असा डॉक्टर नाही. म्हणून तिथले स्कॅन इकडं राजारामपुरीतल्या त्यांच्या सेंटरला येतात आणि रिपोर्ट इथून जातो. ही ने-आण करणारी लिंक आमच्या कंपनीची. मी तिथं नेटवर्क इंजिनिअर होते.

त्या दिवशी तिकडे एक गवंडी परांचीवरून पडला होता. डोक्यात रक्तस्राव असेल, तर त्याला तीन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. अँब्युलन्स एकच, रस्ता डोंगराचा. रिपोर्टशिवाय हलवायचं नाही, असा तिथला नियम.

मी मुंबईला फोन लावला. आमची कंपनी ज्यांच्याकडून समुद्रातली लाइन घेते, त्यांच्या कंट्रोल रूमला.

"भारत-ओमान केबल तुटली आहे," तिथला माणूस म्हणाला. "बहुतेक जहाजाच्या नांगरानं ओढली. दुरुस्तीचं जहाज यायला दिवस लागतील."

लोकांना वाटतं, परदेशाचं इंटरनेट सॅटेलाइटवरून येतं. ते जवळजवळ सगळं समुद्राच्या तळावरच्या केबलींतून येतं. खोल पाण्यात ही केबल बागेतल्या पाइपाएवढीच जाड असते. आत केसासारखे काचेचे धागे, आणि त्यांतून उजेड धावतो. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, तिथं नांगर लागतो. हे होतं. त्यात नवल नाही.

"मग आमची दुसरी लिंक का बंद आहे?" मी विचारलं.

"ती पण ह्याच केबलमध्ये आहे, मॅडम. धागा वेगळा, केबल तीच. तुमच्या ऑर्डरमध्ये तसंच लिहिलंय."

माझं डोकं सणकलं. डॉक्टरांना आम्ही 'दोन स्वतंत्र मार्ग' म्हणून लिंक विकली होती. तो नकाशा त्यांच्या टेबलावर मीच पसरला होता. एक निळी रेघ, एक हिरवी रेघ. मी त्यावर बोट फिरवून म्हणाले होते, "एक तुटली तरी दुसरी आहे, सर." ऑर्डर मी कधी उघडून पाहिली नव्हती.

मी मॅनेजर सरनाईक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, दुसरी केबल घेतलीच नाही आपण?"

"आता तो विषय नको. डॉक्टरला सांग, समुद्रात केबल तुटली. आपल्या हातात काय आहे?"

मी जागेवर परतले. ओमानच्या हॉस्पिटलचं नेटवर्क बघणारे थॉमस म्हणून केरळचे गृहस्थ होते. साधं इंटरनेट दुसऱ्या केबलींवरून दोन्हीकडे चालू होतं, पण पेशंटचे स्कॅन त्यावरून उघडे पाठवायला त्यांच्याकडे बंदी होती. मी त्यांना फोन करून म्हणाले, "आपण त्याच इंटरनेटवर कुलूपबंद वाट करू, मधे कुणाला वाचता येणार नाही अशी. चेन्नई, सिंगापूर, युरोप असा वळसा पडेल. पण जाईल." त्यांनी वरिष्ठांची परवानगी काढली. फोन कानाला लावून आम्ही दोघांनी दोन्हीकडची सेटिंग बदलली. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा लागली. एरवी मिनिटभरात येणारा स्कॅन थेंबाथेंबानं आला.

दोन तास वाया गेले होते. डॉक्टर मगदूमांनी पहिलंच चित्र बघून ओरडून सांगितलं, "रक्त साकळलंय! हलवा त्याला!"

गवंडी वाचला. पण त्याचा उजवा हात पूर्वीसारखा उचलला जात नाही, असं थॉमस नंतर म्हणाले. पडल्यामुळे की आमच्या दोन तासांमुळे, ते कुणीच सांगू शकलं नाही. थापी धरायचा हात होता तो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यापुढं कागद ठेवला. लिंक का बंद पडली, हे गिऱ्हाइकाला लेखी द्यावं लागतं. त्यात लिहिलं होतं, 'समुद्रातील अपघातामुळे दोन्ही मार्ग बाधित. कारण कंपनीच्या नियंत्रणाबाहेर.'

"सही कर."

"दोन मार्ग नव्हतेच, साहेब."

"अगं, गिऱ्हाइकाला समुद्रातलं काय कळतंय?"

"म्हणून खोटं लिहायचं?"

मी सही केली नाही. त्यांनी स्वतःची केली. डॉक्टर मगदूम तो कागद घेऊन ऑफिसात आले. साहेब लाटा, नांगर, जहाज असं बरंच बोलले. डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्याकडं वळले.

"मॅडम, नकाशा तुम्ही दाखवलासा. दुसरी केबल होती का न्हवती? व्हय का न्हाय, तेवढंच सांगा."

साहेब माझ्याकडं रोखून बघत होते.

"नव्हती, सर," मी म्हणाले. "मी न तपासताच तुम्हाला सांगितलं. चूक माझीही आहे."

डॉक्टरांनी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. मग साहेबांना एवढंच म्हणाले, "माणूस मेला असता की वो."

महिन्याभरात खरी दुसरी वाट आली, चेन्नईहून निघणारी. डॉक्टरांनी दुसरी कंपनी बघायला घेतली, तेव्हा आमच्या वरच्यांना जाग आली. सरनाईक साहेबांना काही झालं नाही. माझी बदली गडहिंग्लजला टॉवर बघायला झाली. 'कामाची गरज' असं पत्रात कारण होतं. वर्षभरानं मी नोकरी बदलली.

आता कुणी मला दोन मार्गांचा रंगीत नकाशा दाखवला, की मी तो बाजूला ठेवते आणि ऑर्डरचा कागद मागते. नकाशावर रेघा कुणीही दोन काढतो.