कवेलू, अकराची बस आणि मी

मी आयुष्यात दोनच भाकितं खात्रीनं केली. दोन्ही एकाच सकाळी केली आणि दोन्ही जेवणाच्या आत खोटी ठरली.

नव्वदच्या दशकात मी कुरखेड्याला इंग्रजी शिकवत होतो. फळ्यावर खात्रीच्या चार पायऱ्या काढायचो. सगळ्यात खाली 'माइट', त्यावर 'मे', मग 'प्रॉबेबली' आणि वर 'विल'. पावसाबद्दल बोला की बसबद्दल, कोणत्या पायरीवर उभं राहून बोलतोय ते आधी ठरवा, असं मुलांना सांगायचो. (घरातही तेच सांगायचो. घरात कोणी वही काढत नसे.)

माझी बायको सुशीला गेली, त्याला आता सात महिने होतील. ती असती तर ही हकीगत तिनंच सांगितली असती, आणि निम्म्या वेळात तुम्हाला दुप्पट हसवलं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. त्याआधी दोन स्थळं जमता जमता फिसकटली होती, त्यामुळे सगळं घर श्वास रोखून होतं. त्यातच माकडांनी छतावर उड्या मारून कवेलू, म्हणजे कौलं, फोडले. पाहुण्यांना बसवायच्या खोलीतून चक्क आभाळ दिसू लागलं! कवेलू उतरवून नव्यानं फेरणारे तुकारामभाऊ तीन दिवस रोज सकाळी येऊन विचारत, "मास्तर, पाणी येईन का?"

"पाऊस येऊ शकतो. शक्यता कमी आहे. पण नाकारता येत नाही."

"मंग छत खोलू का नोको खोलू?"

मी चारही पायऱ्या समजावून सांगायचो. तुकारामभाऊ चहा पिऊन परत जायचे.

साक्षगंधाच्या सकाळी सुशीलानं कमरेवर हात ठेवले. "तुमच्या पायऱ्यांवर पाव्हणे बसवू का मी? हो का नाई, एकच सांगा!"

मी दुखावलो आणि सरळ वरच्या पायरीवर चढलो. "इट विल नॉट रेन! आणि नवरदेवाकडची चिमूरची मंडळी अकराच्या बसनं येणार ना? ती बस एकच्या आत आलेली मी कधी पाहिली नाही. आजही येणार नाही. नक्की!"

"इंग्रजीत बोल्ले मंजे पक्कंच असन," म्हणत तुकारामभाऊ शिडी चढले.

साडेदहाला छताचा नुसता सांगाडा उरला. पावणेअकराला वारा सुटला. आणि अकराला, बरोब्बर अकराला, बस आली! पाहुणे दारात पोचले तेव्हा पाऊस त्यांच्या आधी बैठकीत जाऊन बसला होता.

नवरदेवाचे वडील उंबऱ्यात उभं राहून वर पाहू लागले. "मास्तर, घर बांधून राह्यले का पाडून राह्यले?"

आत नंदा रडू लागली. तिसरंही स्थळ गेलं, असं मी मनाशी म्हटलं. (कोणत्या पायरीवरून, ते विचारू नका.)

पुढे झाली ती सुशीला. "भाऊ, खोटं काऊन बोलू? आमच्या मास्तरनं सांगतलं पाणी येत नाई, अन् मी आयकलं. चूक माही हाय. कोठ्यात चला, तेवढंच छप्पर साबूत हाय."

गोठ्यात बैलाशेजारी पाट मांडले. तुकारामभाऊ दाराशी ताडपत्री धरून उभे राहिले. नंदाला आणून बसवलं, नवरदेवाच्या गळ्यात हार घातला, आणि बैलानं शांतपणे मान पुढे करून तो हार खाल्ला! नंदा रडता रडता फस्सकन हसली. मग नवरदेव हसला. मग सगळा गोठा.

"जे पोरगी अशा टायमाले हासते, ते कुठीबी सुखात राहीन," नवरदेवाचे वडील म्हणाले. "सोयरीक पक्की. पण आमची एक अट हाय."

मी पाटावरून अर्धा उठलो.

"लग्नाच्या दिवशी मास्तरनं आभाळाबद्दल एक शब्द बोलाचा नाई."

पंधरा दिवसांनी आमच्याच उघड्या अंगणात लग्न लागलं. दिवसभर मी तोंड मिटून एका खुर्चीवर बसून होतो, आणि सुशीला येईल त्या पाहुणीला कौतुकानं सांगत होती, "पाहा बाई, आमचे हे बोल्ले नाईत, तं कसं चांगलं ऊन पडलं!"