धुतलेलं गाजर

"मी पडलो तं चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, अन् भोवतीची गर्दी हटवा."

अमरावतीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्याच तासाला वानखडे सरांनी हे सांगितलं. मला हायसं वाटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्राध्यापकही माझ्या आईसारखं वऱ्हाडी बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं.

सरांच्या मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी झाल्या होत्या, त्यामुळे झटके येत. स्वतःचाच मेंदू फळ्यावर काढून ते शिकवत. "अळी जित्ती होती तवर शरीर चूप होतं. ते मेली, अन् मंग आपलेच शिपाई उठले. चोर मरून पडला, तरी हे घराच्याच भिंती फोडून राह्यले. सूज त्याची, झटका त्याचा." अळी मारायच्या गोळीआधी सूज आवरायचं औषध का देतात, ते मी तेव्हापासून विसरले नाही.

सर माळकरी. मांस न खाणाऱ्याला हा रोग कसा, असं कोणी विचारलं की म्हणत, "अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, मातीतून कच्च्या भाजीवर. भाजी माळकरी असन, माती नसते." कँटीनमधली धुतलेली काकडीही ते नळावर नेऊन पुन्हा धूत.

संक्रांतीला गावी, अकोटला गेले तेव्हा सरांच्याही घरी गेले. तेही अकोटचेच, सणाला घरी आलेले. त्यांच्या आई घरच्या मळ्यातली भाजी बाजारात विकतात. त्या अंगणातल्या नळाखाली ब्रशनं गाजरं घासत होत्या.

"गाजराचं लगन हाये काय वं?" शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

"हव. अक्षता घेऊन ये."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू बी हेच शिकून राह्यली नं पोरी? माह्या लेकाच्या डोक्यात ते अळी कुठून गेली? हा तं नीट सांगतच नाही."

अर्धवट उत्तराला एकही गुण न देणारे सर खाली पाहत होते. जे त्यांनी प्रत्येक वर्गाला सांगितलं, ते आईला सांगितलं नव्हतं. लहानपणापासून ते तिच्याच टोपलीतलं खात आले होते.

मी चाचरत म्हणाले, "पाण्यातूनही जाते, आजी. कुठल्याही."

"असन," त्या म्हणाल्या, आणि हातातलं गाजर घासतच राहिल्या. मग ते सरांपुढे धरलं.

सर नळाकडे गेले नाहीत. तिथंच उभ्यानं कडाकडा खाऊ लागले. त्यांचं खाऊन होईपर्यंत त्या बघत राहिल्या, आणि मग पुढचं गाजर नळाखाली धरलं.