सगळेच खंड पहिले

आमच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे खंडबाई म्हणायचे आणि समोर मॅडम. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला कॉल नंबर म्हणजे कपाटातला त्याचा पत्ता. तो देणं हे बाईंचं काम. वर विषयाचा आकडा, खाली लेखकाची अक्षरं आणि पुस्तक अनेक खंडांचं असलं तर त्याखाली खंडाचा क्रमांक. या शेवटच्या ओळीवर बाईंचा भारी जीव. ‘खं’नंतर टिंब, मग एक जागा मोकळी, मग आकडा. टिंब विसरणाऱ्या माणसाकडे आईवडिलांनी लक्ष दिलेलं नाही, अशी त्यांची समजूत होती आणि त्या त्याच्याशी तितक्याच कनवाळूपणे बोलत.

घरीही तेच. साखरेच्या दोन डब्यांवर एक आणि दोन अशा चिठ्ठ्या. पहिला संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. सासूबाई मुद्दाम दुसऱ्यातली साखर घ्यायच्या. यजमानांचं शिलाईचं दुकान होतं. भांडण सुरू झालं की ते तोंडात टाचण्या धरायचे, म्हणजे बोलावं लागत नसे.

मग शहरातल्या ग्रंथालयांनी मिळून सामाईक कॅटलॉग केला. एका पुस्तकाची नोंद एकाने करायची आणि ती सगळ्यांनी वापरायची. कामाचा वेळ वाचेल, असं आम्हाला सांगण्यात आलं. वाचलेल्या वेळात भांडायचं, हे आम्ही आमचं ठरवलं.

त्या सुमारास एका कप्तानाच्या समुद्रप्रवासाचं चार खंडांचं पुस्तक आलं. नोंद आमच्याकडे होती. बाईंच्या हाती पहिला खंड होता, म्हणून त्यांनी कॉल नंबरात थाटात ‘खं. १’ लिहिलं. आता हातात पहिला खंड असताना पहिला लिहिलं तर चुकलं कुठे? एवढंच, की ती नोंद चारही खंडांची होती आणि सगळ्या ग्रंथालयांची होती. खंडाचा क्रमांक सामाईक नोंदीत घालू नये, ज्याने त्याने आपापल्या प्रतीपुढे लिहावा, असं सूचनापत्रकात स्पष्ट म्हटलं होतं. सूचनापत्रक बाईंनीच टाइप केलं होतं. टाइप करणाऱ्याने ते वाचलंही पाहिजे, असं त्यात कुठे नव्हतं.

पुलापलीकडच्या ग्रंथालयात आमच्या बाईंचंच काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी ते ‘खं. १’ काढून टाकलं. बाईंनी परत घातलं. त्यांनी परत काढलं. असं बरेच दिवस चाललं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, फोन करण्याचा हलकेपणाही कुणी केला नाही.

“माझ्या नोंदीला हात लावतो म्हणजे काय,” बाई मला म्हणाल्या. मी पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे सगळ्यांचं ऐकून घेणं माझ्या कामातच धरलेलं आहे. खंड तिथे लिहायचा नसतो, असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. “तुम्ही काउंटर सांभाळा,” त्या म्हणाल्या. मी काउंटर सांभाळला.

यात भरडले गेले ते एक निवृत्त दातांचे डॉक्टर. आमच्याकडचे तीन खंड त्यांनी वाचून काढले. चौथा फक्त पलीकडे होता, म्हणून मागवला. आला तो पहिला. परत पाठवला, पुन्हा पहिलाच आला.

“वाचलात?” मी विचारलं.

“आलाच होता, म्हणून वाचला. या खेपेला जास्त कळला,” डॉक्टर म्हणाले. “पण तिसऱ्याच्या शेवटी जहाज बर्फात अडकलंय हो, आणि कप्तानाची दाढ ठणकतेय. तिकडे कुणी बघणार आहे की नाही?”

मुख्य ग्रंथपालांनी बाईंना पलीकडे जाऊन सोक्षमोक्ष लावायला सांगितलं. बाईंनी साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं.

गृहस्थ तळघरातल्या खोलीत बसत. बिनबाह्यांचा स्वेटर, टेबलावर डिंकाची बाटली आणि भिंतीलगत पुठ्ठ्याची खोकी. त्यांनी कपाटातून कप्तानाचे चारही खंड काढून बाईंपुढे ओळीने मांडले. पाठीवरच्या चिठ्ठ्या नोंदीतूनच छापल्या जात, आणि ज्या दिवशी छापल्या त्या दिवशी बाईंची सरशी झालेली असावी. चारही पुस्तकांवर ‘खं. १’ होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“टिंब बरोबर आहे,” त्या शेवटी म्हणाल्या.

“टिंबाबद्दल माझी तक्रार नव्हतीच,” गृहस्थ म्हणाले. “आमच्या शिपायाला चौथा सापडावा, एवढंच होतं.”

बाईंचे कान लाल झाले. मला वाटलं, आता सगळा दोष कॉम्प्युटरवर ढकलतील. मीही तशी तयारी ठेवली होती. पण त्यांनी ओलं फडकं मागितलं आणि खुर्ची ओढून चिठ्ठ्या सोडवायला बसल्या. गृहस्थांनी चहा सांगितला आणि दुसरं फडकं घेतलं. नंतर त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून बाईंनी नोंदीतला तो खंड स्वतःच्या हाताने पुसला.

परतताना आम्ही पूल ओलांडला.

“मला कुणी सांगितलं का नाही?” त्यांनी विचारलं.

“राहून गेलं,” मी म्हणालो.

डॉक्टरांना चौथा खंड मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो परत आणला. सुरुवातीच्याच पानांत जहाजावरच्या सुताराने कप्तानाची दाढ पकडीने उपटली होती. “पकडीने!” डॉक्टर म्हणाले. मी जहाजाचं पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाले, त्यांनी पुढे वाचलंच नाही.

सामाईक कॅटलॉगच्या समितीला या प्रकरणाची कुणकुण लागली आणि समित्यांच्या रीतीप्रमाणे चूक करणारीलाच सगळ्या ग्रंथालयांच्या प्रशिक्षणाचं काम मिळालं. बाई नवी साडी नेसून आल्या. अनेक खंडांचं पुस्तक कसं नोंदवावं, हे त्यांनी अशा ऐटीत सांगितलं की जणू त्यांना ते जन्मतः ठाऊक होतं. पलीकडचे गृहस्थ पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होते.

कुणीतरी विचारलं, “मॅडम, पण सामाईक नोंदीत खंड घालण्याएवढा वेडेपणा करतं तरी कोण?”

बाईंनी ग्लासातलं पाणी सगळं पिऊन टाकलं.

“मी केलाय,” त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. बाकी सभागृहात कुणी हसलं नाही की चुकचुकलं नाही, कारण तोपर्यंत बहुतेकांनी मोबाइल बाहेर काढलेले होते.