दोन करवंट्या

आईचं डोकं फिरलंय, हे मला दादाने मुंबईहून फोनवर कळवलं. आई लांज्याकडच्या आमच्या वाडीत एकटी राहते आणि मी रत्नागिरीत, एसटीने दीड तासावर. तरी बातमी आधी त्याच्या नालासोपाऱ्याला पोचली. वाडीतल्या कुणीतरी माझ्या या थोरल्या भावाला सांगितलं होतं की म्हातारी रोज खारींना जेवायला वाढते, आणि तेही दोन करवंट्यांत. एक करवंटी मागच्या दारात ठेवते, त्यात भात. दुसरी पार टोकाला, कुंपणाच्या चिरेबंदी भिंतीवर, म्हणजे गडग्यावर, त्यात केळ्याची फोड. का, तर म्हणे एक घरची खार आणि एक रानची.

"खार म्हणजे खार," दादा म्हणाला. "मोठी असली तर शेकरू. आणखी काही नसतं. मे महिन्यात येतो आणि तिला घेऊन जातो. परतीची दोन तिकिटं काढणार आहे."

दादाचा तिच्यावर जीव आहे, म्हणूनच तर तो घाबरला होता. पण चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या दीड खोलीत आईने दिवसभर करायचं काय? मी रविवारी गावी गेले तेव्हा तिला सगळं आधीच कळलेलं होतं. तांदूळ निवडता निवडता तिने एवढंच विचारलं, "तुला पण मी येडी वाटतंय काय गो?"

खरं सांगायचं तर वाटत होती. मी प्राथमिक शिक्षिका. इतकी वर्षं फळ्यावर खार काढून तिच्या पाठीवर तीन पट्टे ओढत आले. रामाने बोटं फिरवली ती गोष्टही मी शाळेतच ऐकलेली. आमच्या बौद्धवाडीत ती कुणी सांगत नसे. शाळेत शिकलं ते खरं आणि घरातलं ते अडाणी, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आई स्वतः शाळेची पायरी चढली नाही. तिने आम्हाला चढवलं, आणि आम्ही वरून तिलाच शिकवायला लागलो.

पण तो "येडी" शब्द मला झोंबला. ठरवलं, बोलायचं नाही, बघायचं. शाळेतल्या एका सरांकडे जुनी दुर्बीण होती. ती मागून आणली आणि पुढच्या रविवारी मागच्या पडवीत ठाण मांडलं. दारातल्या करवंटीवर खार आली. मी पट्टे मोजले: तीन. गडग्यावरच्या करवंटीवर आली तिचेही मोजले: तीन. जिंकल्यासारखी आत गेले तर आई हसली. म्हणाली, "तू तीनच मोजूक बसलीस. मग किती दिसतील?"

राग आला, पण पुन्हा जाऊन बसले. या खेपेला पट्टे मोजायच्या आधी दारातली खार नुसती नीट पाहिली. मधले तीन ठळक होतेच. त्यांच्या बाहेर, पोटाकडच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक फिकट पट्टा होता. पाच! गडग्यावरची अंगाने काळपट, पाठीवर खरंच तीनच पट्टे, आणि शेपटी वर केली की खालून तांबूस. मी फळ्यावर खोटं काढत आले नव्हते, पण दारातल्या खारीकडे एकदाही बघितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

तरी मनात शंका उरलीच. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गडगाच तिला धड दिसत नाही, मग पट्टे कुठून दिसणार?

"पट्टे तेव्हा मोजले, डोळे होते तेव्हा," ती म्हणाली. "आता ऐकतंय."

मग मी तिची परीक्षाच घेतली, मास्तरीण ना मी. ती आत चुलीकडे तोंड करून बसे, मी पडवीत. खार ओरडली की ती आतून सांगायची, घरची किंवा रानची. मी दुर्बिणीतून बघायचे आणि वहीच्या दोन रकान्यांत लिहायचे, तिने सांगितलेलं एकात, मला दिसलेलं दुसऱ्यात. घरची तासन्‌तास एकाच सुरात चिपचिपते. रानचीचा आवाज पाखरासारखा, आणि माणूस दिसला की गप्प. मे उजाडेपर्यंत एकही रविवार चुकवला नाही. आईही एकदा चुकली नाही.

दादा आला तो बॅग घेऊनच. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, हातात दुर्बीण दिली आणि पडवीत बसवलं. आतून आई म्हणाली, "रानची. गडग्यावर." त्याने पाहिलं. थोड्या वेळाने कौलांवर चिपचिप सुरू झाली. "ही घरची." दादा ओठ हलवत मोजत होता. मग दुर्बीण खाली ठेवून आत गेला.

"पण गॅस चालू ठेवून तू शेजारी गेलीस, तेही वाडीतून कळलंय मला, त्याचं काय?"

"गेलंय. ते खरं हाय," आई म्हणाली. "मी इसरतंय, बाबा. पण वळखतंय."

त्याने तिथेच मोबाईल काढला आणि एक तिकीट रद्द केलं. जाताना मला म्हणाला, "वही बंद करू नको." तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा, आज काय म्हणून, आणि मी म्हणायचे, सगळी बरोबर.

गेल्या रविवारी गडग्यावर रानची ओरडली. आतून आई म्हणाली, "घरची." होतं असं, म्हणून मी थांबले. ती पुन्हा ओरडली. आई पुन्हा म्हणाली, घरची. तिसऱ्यांदा मीच विचारलं, आई, ही कुठली?

"कुठली काय?" आई म्हणाली.

वही माझ्या मांडीवर होती. दुसरा रकाना खोटा लिहिणं सोपं होतं, बघायला कोण येणार होतं? पण मी तिने सांगितलेलं लिहिलं आणि दिसलेलंही लिहिलं. संध्याकाळी दादाला सांगितलं, चुकली. तो म्हणाला, "मग येऊ का न्यायला?"

"नाही," मी म्हटलं. "रत्नागिरीतली खोली सोडतेय. मी इथेच राहायला येतेय. शाळेला पहिल्या एसटीने जाईन."

शनिवारी सामान घेऊन आले. आईला पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा ती खूश झाली आणि तिने मला लगेच कामाला लावलं. "करवंट्या तू भर. कुठली कुठे, ते मी सांगतंय." मी एकीत भात घातला, एकीत केळ्याची फोड. तिने बोट दाखवलं: भात गडग्यावर, केळं दारात. मी बरं म्हटलं, भात दारात ठेवला, आणि केळं गडग्यावर नेऊन ठेवलं.