छोट्या देशाची पाच मिनिटं

जागतिक शांततेची खरी काळजी उभ्या पृथ्वीवर एकाच माणसाला होती, आणि तो माणूस क्रॉयडनमध्ये माझा घरमालक होता. मूळचे मॉरिशसचे, खापरपणजोबा रत्नागिरीकडून तिथल्या ऊसमळ्यात राबायला गेलेले. स्वतः तीस वर्षं आपल्या देशाच्या लंडनमधल्या वकिलातीत टायपिस्ट. साहेबांची शांतता, सहकार्य आणि विकासावरची भाषणं टाइप करता करता ती त्यांच्या अंगात मुरली होती. भिंतीवरच्या नकाशावर माशी बसली की त्यांचा अख्खा देश झाकला जायचा, आणि ते हातातलं काम टाकून माशी हाकलायला उठायचे.

घरातही त्यांचं परराष्ट्र धोरण चालायचं. फ्रिजमधली मधली फळी हा तटस्थ प्रदेश. तिथे माझं दही दिसलं की पहिल्यांदा तोंडी निषेध, दुसऱ्यांदा लेखी. वॉशिंग मशीन वापरायला देताना म्हणाले, "विकासाला मदत द्यायची ती विनाअट." आणि पुढे अकरा अटी सांगितल्या. शेजारच्या बाईंनी आपला कचऱ्याचा बिन आमच्या दारात सरकवला, तेव्हा तीन आठवडे वाटाघाटी झाल्या. बिन आमच्याच दारात राहिला, पण बाई दर रविवारी केक पाठवू लागल्या. "लहान देशानं असंच जिंकायचं असतं," केक कापताना ते म्हणाले.

दुखणं एकच होतं. साहेबांबरोबर ते दोनदा मोठ्या परिषदेला गेले होते. लहान देशाला बोलायला पाच मिनिटं, तीही जेवणानंतर. "बडे लोक जेवायला जातात ते परत येतच नाय. आमचा साहेब खुर्च्यांशी बोलला हो." म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ते जागतिक शांततेवर बोलायला पाच मिनिटं मागून घ्यायचे. सेक्रेटरी ती नेमकी जेवणाच्या तोंडावर द्यायचा. लोक पुऱ्यांच्या रांगेकडे सरकायला लागले आणि गलका वाढला, की माइकवरून तोच ओरडायचा, "शांतता! शांतता!" घरमालकांच्या मराठीत त्या शब्दाचा एकच अर्थ होता, युद्ध नसणं; गप्प बसवायला त्यांची आजी 'उगी ऱ्हा' म्हणायची. घरी येताना ट्रॅममध्ये ते समाधानानं म्हणाले, "सेक्रेटरी आपल्या बाजूचा हाय. दोनदा अनुमोदन दिलं." खरं काय ते सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यांचा मुलगा इथेच जन्मलेला, हसरा. "पपा, तुमची भाषण लांब होतो, चहा थंड झाली," असं मराठी बोलायचा. तो ब्रिटिश आर्मीत होता. आमच्या देशाला सैन्यच नाही, असं येईल त्या पाहुण्याला अभिमानानं सांगणारे घरमालक मुलाचा विषय निघाला की नकाशाकडे बघत बसायचे. इराकच्या युद्धाची भाषा सुरू झाली तेव्हा त्यांनी सरकारला पत्र टाइप केलं, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारून. पोच आली, आभार मानणारी. त्याच आठवड्यात मुलगा निघाला. "डोन्ट वरी पपा, ओन्ली सहा महिना."

तो परत आला नाही.

शोकसभा मंडळाच्याच हॉलमध्ये झाली. मागच्या भिंतीपर्यंत माणसं उभी होती, आणि कुणी जेवायला जाणार नव्हतं. सेक्रेटरी हळूच म्हणाला, "काका, तुम्ही हवं तेवढं बोला." घरमालकांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि सवयीनं मनगटावरचं घड्याळ टेबलावर ठेवलं.

"शांतता," ते म्हणाले.

हॉलमध्ये कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. तरी थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "शांतता." पुढचं वाक्य आलंच नाही. पाच मिनिटं ते तसेच उभे राहिले, मग घड्याळ उचललं, अध्यक्षांचे आभार मानले आणि खाली बसले.

वर्षभरानं मी ते घर सोडलं. अजूनही कुठे माइकवरून "शांतता, शांतता" कानावर आलं की माझा हात आपोआप अर्धा वर जातो, अनुमोदनासाठी. शोकसभेच्या दिवशी मात्र भरल्या हॉलमध्ये हात वर करायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.