नेहमीचे पादत्राण

“पाय कुठं हाय ते आधी बघ. बाण कुठं गेला ते मागनं.”

जयसिंग हे दिवसातून वीसदा म्हणायचा. कोथरूडच्या तिरंदाजीच्या मैदानावर नवं आलेलं माणूस ते ऐकून हमखास त्याच्याच पायाकडे बघायचं. डावा पाय पोलिओनं वाळलेला. मांडीपासून दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी कडी, आणि खाली पट्ट्या बुटाच्या टाचेत बसवलेल्या. बघणाऱ्याचं बघून होईपर्यंत तो थांबायचा. मग म्हणायचा, “आता सोताचा बघ.”

तो मूळचा खराडीचा. गावची पोरं हुंदडायची तेव्हा घरच्यांनी त्याला जोंधळ्यात माळ्यावर बसवलं, पाखरं राखायला. दहा वर्षं गोफण फिरवून खांदे असे भरले, की कंबरेवरचं अंग एका माणसाचं आणि खालचं दुसऱ्याचं वाटावं. पुढं जोंधळा गेला, माळा गेला. तिथं काचेची इमारत उभी राहिली आणि जयसिंग तिच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्यांचे पास लिहायला बसला. गोफणीचे खांदे धनुष्याला लागले; सकाळी मैदान, मग नोकरी.

त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर शेफाली कामाला होती. यवतमाळची. दिवसाचे दहा तास खुर्चीत. एका सकाळी ती कंबर धरून आत आली.

“ताई, वय किती म्हणायचं?”

“सव्वीस.”

“मला वाटलं माझ्यापरीस थोरल्या हाय तुम्ही.”

तिला राग आला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं ऐकून, बाजूला जादा चाकं लावलेल्या त्याच्या स्कूटरवर मागं बसून ती मैदानावर गेली. पहिला महिना धनुष्य हाताला लागलंच नाही. रबराची पट्टी ओढायची, सरळ उभं राहायचं, श्वास धरायचा, सोडायचा. तीन महिन्यांत कंबर दुखायची राहिली आणि झोप परत आली. दोन वर्षांत ती त्याच्या शेजारी उभी राहून नेम धरू लागली, आणि ताईची ‘पोरी’ झाली.

त्या वर्षी क्लबाक्लबांची स्पर्धा निघाली. चौघांचा संघ, बाईमाणूस-बाप्या असा भेद नाही. अपंगांच्या स्पर्धांतून जयसिंगनं पदकं आणली होती, पण सगळ्यांच्या संघात त्याचं नाव कधी लागलं नव्हतं. या खेपेला गुणांत तो चौथा आला. शेफाली पाचवी. तो गळाला तर ती आत.

मधे फक्त तंदुरुस्तीची चाचणी होती. छापील कागद आले होते. अक्षर चांगलं म्हणून क्लबातल्या प्रशिक्षक विश्वजीत सरांनी ते शेफालीकडे दिले, घड्याळही दिलं. शेवटची चाचणी: एकेका पायावर किमान दहा सेकंद उभं राहायचं, दोन संधी. तालमीत उतरवावेत तसे सगळ्यांनी बूट काढून रांगेत ठेवले. शेफाली उजव्यावर चौदा सेकंद राहिली, डाव्यावर बारा.

जयसिंगनं उजवा बूट काढला आणि त्या पायावर उभा राहिला. मिनिट झालं.

“अहो जयसिंगराव, बगळ्याच्या जातीचे का आपण? पुरे.” सर म्हणाले. “आता डावा.”

जयसिंग बाकावर बसला. डावा बूट काढायचा म्हणजे लोखंड काढायचं, आणि लोखंडाशिवाय तो पाय म्हणजे नुसती चिंधी. त्यानं पट्ट्याला हात घातला आणि तिथंच ठेवला.

“शून्य लिही, पोरी. खोटं नगं.”

“नियम काही माझ्या घरचा नाही,” सर हळू म्हणाले.

शेफालीनं पेन टेकवलं. आदल्या दिवशीच तिनं घरी फोन करून सांगितलं होतं, संघात जागा मिळेलसं दिसतंय. अर्ध्या शून्याचा वळसा झाला आणि तिची नजर खालच्या बारीक ओळीवर गेली. ती ओळ कुणीच वाचली नव्हती. तिनं ती वाचली. पुन्हा वाचली. पेन उचललं.

“सर, इथं लिहिलंय, ‘नेहमीचे पादत्राण घालून’.”

सरांनी चष्मा लावून कागद पाहिला. “म्हणजे आपण उगाच पाय मळवले.” मग त्यांनी त्या लोखंडी बुटाकडे पाहिलं. “हे नेहमीचंच का?”

“मग काय लग्नातलं हाय?”

जयसिंगनं गुडघ्याची कडी लावली. डाव्यावर भार टाकून त्यानं उजवा उचलला. चार सेकंदांत कलंडला. दुसऱ्या खेपेला त्यानं दोन्ही हात धनुष्य ताणल्यासारखे पसरले. नजर समोर नव्हती, पायाशी होती. लोखंड थरथरलं. पाय टेकला तेव्हा घड्याळात अकरा झाले होते.

त्या अर्ध्या शून्याला शेफालीनं शेपूट काढलं. त्याचा एक झाला. शेजारी तिनं आणखी एक लिहिला.

सरांनी यादीवर सही केली. जयसिंग बूट घालून तिच्यापाशी आला.

“तुझं नाव गेलं की गं.”

“ठाऊक होतं, काका.”

“कवापासनं?”

“ओळ वाचली तेव्हापासून.”

मग बाणांचा भाता त्यानं खांद्यावर टाकला.

“उद्या साडेसहाला ये. धड पायाचं माणूस, आन् डाव्यावर बारा सेकंद. लाज हाय का?”

आणि तो स्कूटरकडे निघाला. एक पाऊल मऊ, एक खणकतं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. शेफाली कागद छातीशी धरून बघत राहिली, त्याचा पाय कुठं पडतो ते.